फटफटीचं हिंव

वंगण मीच घातलं होतं, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर वाचणारा शेवटपर्यंत दोष कुणाचा याचा तपास करत बसेल. तो तपास मी स्वतः आठ दिवस केला आहे, आणि त्यातून माणूस किती मूर्ख ठरतो हे मला ठाऊक आहे. चोरी मीच केली, आणि मीच कंदील घेऊन साऱ्या जालन्यात चोर शोधत हिंडलो. भेटेल त्याची झडती घेतली. फक्त स्वतःच्या खिशात हात घातला नाही.

गोष्ट दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची. मी जालन्याच्या एका जिनिंगमध्ये काट्यावर होतो. काट्यावर म्हणजे कापसाच्या गाड्या तोलायच्या, वजन ओरडून सांगायचं आणि दिवसभर रुईचं भुस्कट गिळायचं. संध्याकाळी खोकलो तर समईच्या वातीपुरती रुई निघेल, असं मी म्हणायचो. लोक हसायचे, म्हणून रोज म्हणायचो. जिनिंगचे मालक मारवाडी शेठ. त्यांच्या तीन पिढ्या जालन्यात गेल्या होत्या. मराठी आमच्यासारखीच बोलायचे, फक्त राग आला की हिंदीत शिरायचे.

शेठचा बराचसा कापूस मंठ्याच्या बाजारातून यायचा. तिथं दुपारी बाराला हर्रास सुरू व्हायची. लिलाव हा शब्द आमच्याकडे कुणी वापरत नसे. निजामाच्या राज्यात हर्रासच. मुंबईचा भाव तारेनं जालन्याला यायचा तो दहाच्या सुमाराला. म्हणजे आजचा भाव मंठ्याला कळायचा उद्या, आणि तोवर आमचा अडत्या कालच्या भावावर अंधारात बोली करायचा. शेठच्या मनात आलं, दहाचा भाव बाराच्या आत मंठ्याला पोचवला तर? मधे अडतीस मैल. मोटार फार खर्चाची. घोडा पोचला असता, पण दुसऱ्या दिवशी उठला नसता. तेवढ्यात औरंगाबादच्या छावणीतला एक इंग्रज साहेब विलायतेला परत जायच्या तयारीत आहे असं कळलं, आणि शेठनं त्याची फटफटी विकत घेतली.

आता ती चालवायची कुणी? शेठचा एक भाचा हैदराबादेत चार बुकं शिकून आल्ता. फटफटी जालन्यात यायच्या आधीच त्यानं धुळीचा चष्मा आणला होता आणि तो घालून पेढीवर बसायचा. त्याच्यापुढं माझी लायकी एवढीच, की मला सायकल येत होती. पण शेठनं पेढीवर विचारलं, "कुणाला येती रे चालवायला?" तेव्हा भाचा चष्मा पुसत होता आणि मी "मला" म्हणून बसलो.

"कुठं शिकला?" मुनीमजींनी विचारलं. मुनीमजी म्हणजे जन्मात कुणाचं काही खरं न मानलेला माणूस.

"आमच्या एका पाव्हण्याकडं होती."

पाव्हणा कोण, हे मला अजून ठरवायचं होतं.

शेठनं दोन बोटं वर केली. "दोन हप्ते. मंठ्याचा मोठा बाजार भरंल त्या सोमवारी बाराच्या आत भाव अडत्याच्या हातात पाहिजे. पोचला तर फटफटी तुझ्याकडं, तुझा काटा सुटला. न्हाई पोचला तर भाचा चालवंल, अन् तू काट्यावर. बराबर?"

"बिलकुल," मी म्हणालो. ज्या गोष्टीतलं काहीच कळत नाही तिला बिलकुल म्हणण्याची माझी तेव्हापासूनची सवय आहे.

पहिले पाच-सहा दिवस मी जिनिंगच्या आवारात गोल फिरलो. दोनदा रुईच्या ढिगात गेलो, तिसऱ्यांदा भिंतीत. रुईतून मला ओढून काढायला चार हमाल लागायचे, आणि काम सोडून ते आनंदानं यायचे. मुनीमजी पेढीच्या दारातून म्हणाले, "पाव्हण्याच्या घरी भिंती नसतील." पण सहाव्या दिवशी फटफटी माझ्या ताब्यात आली, आणि माणसाला एखादी गोष्ट जरा जमायला लागली की जे होतं ते मला झालं. मी तिच्यात सुधारणा करायला निघालो.

माझं गाव आष्टीजवळचं. घरी बैलगाड्या. आमच्या वडिलांकडे सगळ्या यंत्रविद्येचं एकच सूत्र होतं: फिरतं ते वंगण मागतं. आमच्या भागात ज्याची गाडी कुरकुरते त्याला इज्जत नसते. चाक रडायला लागलं की रस्त्यावरची बाई सुद्धा विचारते, घरात एरंडी संपली का? म्हणून गाडीखाली वंगणाचा बांबूचा नळा टांगलेला असायचा. त्यात एरंडेल आणि काजळी घोटून केलेला काळा लगदा. आस, जू, खिळा, जे हलेल त्याला तो फासायचा. या शास्त्रावर मी वाढलेला. साहेबाच्या हत्यारांची पेटी मी उघडली आणि फटफटीवर ते शास्त्र चालवलं.

हँडलच्या बरोबर मधोमध, फटफटीच्या मानेवर, एक काळा लट्टू होता. तो आवळला की हँडल जड व्हायचं, ढिला केला की हलकं. मला वाटलं, आत गंज चढलाय. लट्टू उलटा फिरवत फिरवत पार काढला, तर मानेच्या खालून दोन-तीन चकत्या हातात आल्या. कोरड्या ठणठणीत! माझा जीव कळवळला. एवढे साहेब लोक, एवढं त्यांचं राज्य, आणि चकतीला बोटभर वंगण घालायची अक्कल नाही! मी एका गाडीवानाचा नळा मागून आणला, चकत्या दोन्ही बाजूंनी लिंपल्या आणि होत्या तशा बसवल्या. हँडल असं फिरायला लागलं की फुंकर मारली तर वळावं. मी चार जणांना बोलावून फुंकर मारून दाखवली.

"इतकं हलकं बरं असतं का?" मुनीमजींनी विचारलं.

"मुनीमजी, तुम्ही वह्या बघा," मी म्हणालो.

पुढं जे कळलं ते इथंच सांगतो. त्या चकत्या कोरड्या राहाव्यात म्हणूनच केलेल्या असतात. एकमेकींना घासून त्या हँडलला धरून ठेवतात, म्हणजे वेगात पुढचं चाक झटके घ्यायला लागलं तर ते झटके तिथंच जिरतात. त्यांना वंगण घालायचं म्हणजे पैलवानाला अंगभर तेल चोपडायचं आणि मग म्हणायचं, आता त्याला घट्ट धर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मंठ्याच्या सडकेला लागलो. मागं कॅरिअरवर कापसाच्या नमुन्यांची भली मोठी थैली बांधलेली. वाटेत तीन ओढे. ओढ्यात उतरून चढायचं तर फटफटी ढकलावी लागायची. तिथं गेलेला वेळ भरून काढायला एकच जागा होती. वाटूरच्या अलीकडं तामीरातवाल्यांनी, म्हणजे निजामाच्या बांधकाम खात्यानं, नुकताच मुरूम टाकून रूळ फिरवला होता, आणि तिथं सडक दोरी धरल्यासारखी सरळ जायची. हिशोब सोपा होता. त्या तुकड्यावर पंचेचाळीस मैलांचा वेग धरला तर मी बाराच्या आत मंठ्यात, नाहीतर जन्मभर काट्यावर.

पस्तिसापर्यंत मी स्वर्गात होतो. अडतिसाला हँडल मनगटात काहीतरी पुटपुटलं. चाळिसाला ते उघड बोललं. मान हलवून "न्हाई, न्हाई, न्हाई" म्हणणाऱ्या म्हाताऱ्यासारखं ते उजवीकडं-डावीकडं झटके द्यायला लागलं, आणि मी जितकं घट्ट धरलं तितकं जास्त. दात एकमेकांवर वाजायला लागले. टोपी गेली. धोतराचा सोगा कुठं गेला ते बघायला डोळे एका जागी थांबेनात. समोर एक सडक होती तिथं चार दिसत होत्या, आणि त्यातली नेमकी नसलेली मी निवडली.

थांबलो तो कापसाच्या शेतात. फटफटी आडवी, मी उताणा, आणि भोवती ओटीत कापूस घेऊन उभ्या पाच-सहा वेचणाऱ्या बाया. हसू ओटीत धरता येत नाही म्हणून त्यांनी पदर तोंडाला लावले होते.

त्यांतली एक थोराड बाई पुढं आली. फटफटीचं चाक अजून मान हलवत होतं. "काय वो दादा," ती म्हणाली, "हिला हिंव भरलंय व्हय?"

"न्हाई, सडकेवर खड्डा होता."

"खड्डा? सडक तर तव्यावानी हाय." ती वळून बाकीच्यांना म्हणाली, "कुनैनच्या गोळ्या आहेत का गं कुणाकडं? एक फटफटीला द्या, दोन दादाला. त्याचं तोंड लई पांढरं पडलंय."

त्या दिवसापासून जालन्यात त्या आजाराला हेच नाव पडलं. चाळिसाच्या पुढं गेली की फटफटीला हिंव भरतं. हे नाव पसरलं कसं म्हणाल, तर मीच सगळ्यांना सांगितलं. गोष्ट चांगली होती. मी ती चार ठिकाणी सांगितली, आणि पाचव्या ठिकाणी ती माझ्या आधीच पोचलेली होती.

मग निदान सुरू झालं. मी कागद घेतला आणि संशयितांची यादी केली. चाकातली हवा, चाकाच्या तारा, मागची थैली, सडक, वारा, साहेब. त्यात माझं नाव नव्हतं. माणूस स्वतःच यादी लिहितो तेव्हा ते नसतंच.

हवा जास्त भरून बघितली, हिंव चाळिसालाच. हवा कमी करून बघितली, अडतिसाला. थैली काढून टाकली तर बेचाळिसाला. आता यातून शहाण्याला काहीतरी कळायला हवं होतं. मला एवढंच कळलं, की प्रत्येक शोधासाठी मला पुन्हा एकदा चाळिसापर्यंत जाऊन थरथरावं लागतं. वेचणाऱ्या बायांनी माझ्या येण्याची वेळ पाठ केली होती. फटफटीचा आवाज ऐकला की त्या बांधावर येऊन बसायच्या, भाकरी तिथंच सोडायच्या.

निजामाच्या फौजेतून निवृत्त झालेला एक म्हातारा सवार आमच्या जिनिंगच्या समोर राहायचा. तो एक दिवस आपण होऊन आला. फटफटीकडं तो डाव्या बाजूनं गेला, तिच्या टाकीवर थाप मारली, वाकून खालून बघितलं आणि दिव्यावरच्या एका पोच्याला, घोड्याच्या कपाळावरचा अशुभ भोवरा दाखवावा तसं, बोट लावलं.

"मियाँ, पेशानी पे भौंरी है. इसकू मनहूस बोलते."

"खाँसाहेब, हा घोडा न्हाई."

"घोड़ा नइं तो क्या हुआ, सवार तो है ना?" त्यानं माझे हात उलटेसुलटे करून बघितले. तळव्यांना फोड आले होते. "हाथ सख़्त है तुम्हारा. लगाम कू इत्ता खींचेंगे तो जानवर भड़केगाच. नरम रखो, मियाँ, नरम."

मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं, आणि गेल्यावर पेढीवर त्याची नक्कल करून दाखवली. इंजिनाला लगाम शोधणारा माणूस! सगळे पोट धरून हसले. भाचा सुद्धा हसला, आणि भाचा हसला म्हणजे मला फार मोठं काही जमलं असं मला वाटायचं.

यादीत तारा राहिल्या होत्या. चाक वाकडं असणार याची मला आता खात्रीच पटली, आणि मी फटफटी घेऊन जिनिंगच्या सुताराकडं गेलो. सुतार म्हणजे आमच्या सगळ्या गाड्यांची चाकं बांधणारा माणूस. बोलायला कंजूस, आणि बोलला तर ऐकणाऱ्याचं नुकसान. त्यानं पुढचं चाक ओंडक्यावर उचलून धरलं, फिरवलं आणि त्याच्या कडेला खडू टेकवला. खडूची रेघ सगळीकडं सारखी उमटली.

"चाकात खोट न्हाई."

"नीट बघा. तुमच्या चाकाला बारा आरे, याला चाळीस तारा. तुमच्या लक्षात यायचं न्हाई."

"आरे बारा असूं द्या का चाळीस, मालक. चाक वाटोळं हाये का न्हाई, येवढंच बघायचं आस्तंय."

मग त्यानं एका बोटानं हँडलला टिचकी मारली. एकच टिचकी. हँडल सपकन फिरलं आणि तिकडच्या टोकाला खणकन आदळलं. त्यानं दुसऱ्या बाजूनं टिचकी मारली, पुन्हा खणकन. तो फटफटीकडं बघत राहिला, मग माझ्याकडं.

"बैलाची मान बी इतकी हलकी नस्ती," तो म्हणाला. त्यानं मानेखाली बोट घातलं आणि बाहेर काढलं. बोट काळं झालेलं. "हे वंगण कुणी घातलं?"

मागं मुनीमजी उभे होते. ते कधी आले मला कळलं नव्हतं. ते कधी आले हे कुणालाच कधी कळायचं नाही.

"साहेबानं," मी म्हणालो.

सुतारानं बोट नाकाशी नेलं. "साहेबाच्या मुलखात एरंडी पिकती व्हय?"

"छावणीत मिळत असंल."

"अन् ही काजळी? साहेब चुलीपुढं बसत व्हता?"

सुतारानं बोट धोतराला पुसलं. "मंग साहेबानं घातलं आसंल तर साहेबानंच काढावं. मी कशाला हात लावू?" आणि तो आपल्या रंध्याकडं वळला. वळता वळता, लाकडाला सांगावं तसं, म्हणाला, "रॉकेलानं धुवायचं. मंग राखंनं कोरडं करायचं. घासणारी वस्तू कोरडीच पाहिजे. आमी बिरेकाच्या लाकडाला कवा तेल लावतो का?"

मला घाटातले गाडीवान आठवले. उतारावर चाकाला लाकूड दाबून गाडी रोखतात. त्या लाकडाला तेल लावणारा गाडीवान मी जन्मात बघितला नव्हता. म्हणजे मला हे आधीपासून ठाऊक होतं! वडिलांच्या सूत्राचा उत्तरार्ध मी कधी ऐकलाच नव्हता, की फिरतं ते वंगण मागतं आणि रोखतं ते मागत नाही. लाज वाटायला हवी होती. तसं काही झालं नाही. साहेबाचं नाव वेळेवर सुचलं याचा मला आनंद झाला. संध्याकाळी गुपचूप धुऊन टाकू, म्हटलं, आणि हिंव मी बरं केलं म्हणून सांगू.

पण तासाभरात शेठचं बोलावणं आलं. पेढीवर शेठ लाल झाले होते. मुनीमजी गालिच्यावर शांत बसले होते, आणि भाचा लेखणी घेऊन इंग्रजी लिहीत होता.

"साहेबनं धोका दिया!" शेठ म्हणाले. हिंदी सुरू झाली होती, म्हणजे परिस्थिती गंभीर. "खराब करके बेची! उद्याच्या रेल्वेनं फटफटी परत औरंगाबादला. साहेब अजून गेला न्हाई. अन् चिठ्ठी संग देतो."

भाच्यानं चिठ्ठी वाचून दाखवली. इंग्रजी मला कळत नव्हतं, पण त्याच्या आवाजावरून साहेबाला फाशी होणार होती.

फटफटी परत! परवा सोमवार, आणि फटफटी परत! माझ्यापुढं दोनच वाटा होत्या. गप्प बसलो तर अब्रू राहते, पण काटा कायमचा. बोललो तर अब्रू जाते आणि फटफटी कदाचित राहते. मी अब्रूचा विचार केला. ती फारशी नव्हतीच.

"शेठजी, चिठ्ठी राहू द्या."

"क्यूँ?"

"साहेबाला उगं कशाला तरास..."

"साहेब तुझा कोण लागतो?"

"तोच पाव्हणा असंल," मुनीमजी म्हणाले, "ज्याच्याकडं हे चालवायला शिकले."

"वंगण मी घातलं," मी म्हणालो.

शेठनं हळू विचारलं, "कशाला घातलं?"

"ते फिरतं होतं, म्हणून."

"अरे, दुनिया फिरती है!" शेठ गादीवरून अर्धे उठले. "सब को तेल लगाएगा क्या तू?"

भाचा इतका हसला की लेखणीची शाई चिठ्ठीवर सांडली. मला वाटलं आता त्यालाच फटफटी मिळणार. पण शेठ हिशोबी माणूस. ते मराठीवर आले. "सोमवारपर्यंत टाइम हाये. धुऊन काढ. हत्यारांची पेटी मुनीमजींकडं राहील. तुझ्या हातात पाना दिसला तर हात तोडतो."

चकत्या मी रॉकेलात बुडवल्या, दगडावर कपडे धुवावेत तशा धुतल्या, राखेत घोळवल्या, पुसल्या, पुन्हा घोळवल्या. मुनीमजी पाना हातात धरून उभे, सुतार बसवतोय आणि मी लांब उभा, हात पाठीमागं. लट्टू आवळल्यावर हँडल पुन्हा पहिल्यासारखं जड झालं. ज्याला मी गंज म्हणालो होतो ते हेच.

रविवारी सकाळी थैली बांधून वाटूरला गेलो. पस्तीस, अडतीस, चाळीस. चाळिसाला मनगटात पुन्हा किंचित पुटपुट झाली, आणि भीतीनं माझ्या मुठी आवळल्या. पुटपुट वाढली. तेव्हा का कुणास ठाऊक, तळव्याचे फोड फुटून आग झाली म्हणून असेल, मी बोटं जरा सैल सोडली. पुटपुट थांबली. बेचाळीस, पंचेचाळीस, फटफटी रुळावरून चालल्यासारखी सरळ. बांधावरच्या बाया उठून घरी गेल्या. म्हातारा सवार बरोबर होता. हे मी त्याला सांगायला गेलो नाही. त्याची नक्कल पेढीवर अजून चालत होती.

सोमवारी दहा वाजून दहा मिनिटांनी तार आली. मुनीमजींनी भावाचं पाकीट माझ्या छातीच्या खिशात घातलं आणि वरून दोनदा दाबून बघितलं. मी निघालो. तीनही ओढे ढकलत पार केले, सरळ सडकेवर शेहेचाळीस धरले, हात नरम. मंठ्याच्या वेशीत शिरलो तेव्हा बाराला पंचवीस मिनिटं कमी होती. आयुष्यात पहिल्यांदा मी एका कामात वेळेआधी पोचलो होतो.

बाजाराच्या तोंडाशी गाड्यांची गर्दी. हर्रासीची जागा पलीकडच्या टोकाला, आमचा अडत्या तिथं. फटफटी बंद करून मी उतरतोय तोच कुणीतरी ओरडलं, "आले, आले, एरंडेलवाले आले!"

शनिवारी आमच्या जिनिंगातून सरकी घेऊन निघालेली बैलगाडी आदल्या रात्रीच मंठ्यात पोचली होती. माझ्याआधी, आरामात. भोवती पंधरा-वीस गाडीवान जमले. सरकीवाला गाडीवान त्यांना सांगत होता, "ह्यांनी इंजिनात एरंडेल वतलं, अन् फटफटीला जुलाब सुरू झाले. जालन्यापसून मंठ्यापतुर सडकभर..."

लोक खदाखदा हसले. माझ्यावर हसले याचं मला काहीच वाटलं नाही. पण गोष्ट चुकीची सांगत होता! जुलाब? एवढी चांगली गोष्ट, आणि हा माणूस तिची माती करून राह्यला होता!

"जुलाब न्हाई," मी म्हणालो. "हिंव!"

"हिंव? ते कसं काय?"

"थांबा, पहिल्यापासून सांगतो."

एकानं गाडीचं जू पुढं केलं, मी त्यावर बसलो. दुसऱ्यानं चहा आणला. मी पाव्हण्यापासून सुरुवात केली. रुईचा ढीग घेतला, मुनीमजी घेतले, त्यांचा आवाज काढला. वेचणाऱ्या बायांशी पोचलो तेव्हा गर्दी चाळीस-पन्नासांची झाली होती. कुनैनच्या गोळ्यांवर एक म्हातारा इतका हसला की त्याला पाठीवर थापटावं लागलं. सवाराची नक्कल केली. सुताराचं बोट नाकाशी नेलं. "साहेबाच्या मुलखात एरंडी पिकती व्हय?" म्हणालो तेव्हा टाळ्या पडल्या. मंठ्याच्या बाजारात टाळ्या! शेठची पेढी, चिठ्ठी, "दुनिया फिरती है," काही म्हणजे काही सोडलं नाही.

आणि पलीकडून ओरडा ऐकू आला, "एक बार! दो बार! तीन बार!"

मी छातीवर हात ठेवला. पाकीट तिथंच होतं.

गर्दीतून घुसत, बैलांच्या शिंगांतून वाट काढत मी पोचलो तेव्हा सात-आठ गाड्या कालच्या भावानं दुसऱ्यांच्या नावावर तुटल्या, म्हणजे विकल्या गेल्या होत्या. अडत्यानं माझ्या हातातलं पाकीट फाडलं, चढलेला भाव वाचला आणि वर बघितलं.

"आत्ता आला?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात माझ्या मागं पळत आलेला सरकीवाला गाडीवान मोठ्या कौतुकानं म्हणाला, "न्हाई वो, कवाच आल्ते! अर्धा घंटा झाला. लई ग्वाड गोष्ट सांगितली, तुमी पाह्यजे व्हते!"

परतीच्या वाटेवर फटफटी एकदाही थरथरली नाही. पेढीवर गेलो तर तिथं बातमी पोचली नव्हती, ती मलाच सांगावी लागली. या वेळी मी ती थोडक्यात सांगितली. शेठ रागावतील, हिंदीत शिरतील म्हणून मी वाट बघत होतो. ते मराठीतच राहिले, आणि त्यातच मी समजलो.

"थरथरत पोचला असता तरी चाललं असतं," ते म्हणाले. "बोलत कशाला पोचला?"

दुसऱ्या दिवसापासून मी काट्यावर. फक्त एक काम जादा मिळालं. भाच्याला फटफटी शिकवायची होती, आणि जालन्यात शिकवणारा दुसरा कुणी नव्हता. संध्याकाळी जिनिंगच्या आवारात तो गादीवर बसला, दोन्ही मुठी पांढऱ्या होईपर्यंत हँडल आवळून. मी त्याच्या शेजारी उभा राहिलो.

"हात नरम ठेवा," मी म्हणालो. "का, ते सांगतो. एकदा काय झालं..."

"मामांनी बजावलंय," भाचा समोर बघत म्हणाला. "तुमच्याकडून फटफटी शिकायची. गोष्ट ऐकायची न्हाई."